न कोसळलेली दरड

“अहो बाई, मतदान तुम्हीच पुढे ढकललंत ना? मग आता कशाला बोलावताय?”

फोनवर इने आजी इतक्या सहज बोलल्या, की तोयोको हामासुना यांच्या हातातली चहाची वाटी ओठांपर्यंत गेलीच नाही.

“कोण म्हणालं पुढे ढकललं?”

“भोंगा म्हणाला. सकाळीच. दरड कोसळली म्हणे.”

“कुठे?”

“ते काही नीट समजलं नाही. दरड आणि मतदान नाही, एवढं कळलं. वाडीतलं कुणीच खाली उतरलं नाही बघा. मी आपली युझू लिंबांचं लोणचं घालत बसले.”

तोयोकोबाईंनी शाळेच्या खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. चहाच्या मळ्यांवर शरदातलं ऊन मांजरासारखं पसरलं होतं. इने आजींच्या उनातेवाडीचा रस्ता डोंगराच्या कमरेला करगोट्यासारखा दिसत होता. दरड कुठेच नव्हती. आणि मतदान संपायला आलं होतं.

तोयोकोबाई हिनोसे गावाच्या निवडणूक मंडळाच्या अध्यक्ष. त्याआधी जन्मभर त्यांनी गावच्या शाळेत गाणं शिकवलं होतं, म्हणून निम्मं गाव त्यांना अजून ‘बाई’च म्हणे. पेटीला सील लावताना त्यांचे हात स्थिर होते. मन नव्हतं.

प्रश्न एकच होता. हिनोसे गावाने घाटाखालच्या ताकाझे शहरात विलीन व्हायचं की नाही? सरपंच शोइचिरो विलीनीकरणाच्या बाजूचे. पंचायतीचा ठरावही झाला होता. विरोधकांनी घरोघर सह्या गोळा करून हा कौल मागून घेतला होता. पण त्यात एक काटा होता. निम्मे मतदार आले नाहीत, तर पेटी उघडायचीच नाही. न मोजता जाळायची, आणि ठराव कायम.

उनाते ही गावची सगळ्यात मोठी वाडी आणि विरोधाचा बालेकिल्ला. तीच आली नव्हती.

“निम्मे भरले नाहीत,” सरपंच म्हणाले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण नव्या सदऱ्यासारखं, अंगाला न बसलेलं. “नियम तो नियम, बाई. पेटी जाळायला हवी.”

“जाळा! आधी आम्हाला जाळा!”

दारातून आरोळी आली. उनातेवाडीचा कारभारी रियोझो जोड्यांचा चिखल न झटकता आत घुसला. मागे त्याची शिकारी टोळी. रियोझो नेहमीच ओरडून बोलायचा. जन्मभर रानडुकरांवर बंदूक चालवून त्याचा डावा कान गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता.

“गळा कापला आमचा! भोंग्यावरून खोटं सांगितलं!”

“मी सांगितलं का?” सरपंच उसळले.

“फायदा कुणाचा झाला मग?”

“तोंड सांभाळ, रियोझो!”

“भोंग्यावर बोलतं कोण?” शिकाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

आणि सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. शाईचे ठसे आवरत उभ्या असलेल्या चिझुए नाकाताकेकडे.

चिझुए कचेरीतली कारकून. रोजच्या सूचना तीच वाचायची. खिंडीपलीकडच्या कुमामोतो प्रांतातून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. आता काळा शोधावा लागे. पण गावाच्या तोंडी ती अजून ‘पलीकडची’च होती.

“सकाळी कचेरीत कोण होतं?” सरपंचांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. खापर फोडायला डोकं सापडलं की माणसाचा आवाज असा मऊ होतो.

“मी होते,” चिझुए म्हणाली. “मतदान सुरू झाल्याची सूचना दिली आणि इथे आले.”

“एकटी?”

“नाही, तुमच्या मांजराबरोबर. तुम्ही कचेरीला येता कुठे, म्हणून ते येतं.”

कुणीतरी हसलं आणि लगेच दबलं.

“आवाज हिचाच होता,” रियोझोच्या मागून एक बाई म्हणाली. “बाईमाणसाचा. तोच तो पत्र्यासारखा.”

“पलीकडच्यांना काय, आपलं गाव राहिलं काय नि बुडालं काय!”

“जा म्हणावं खिंडीपार!”

नागातोमो हवालदार मध्ये पडला. गावातला एकुलता पोलीस, समुद्रकाठचा पोरगेला माणूस. त्याला डोंगरातली भांडणं कळायला वेळ लागे. तोयोकोबाईंनी मतपेटीवर दोन्ही हात ठेवले.

“उद्या दुपारी सभा,” त्या म्हणाल्या. “तोवर पेटी माझ्याकडे. कुणी मुद्दाम मतदार अडवले असतील, तर मंडळ पुन्हा मतदान घेईल.”

“आणि हिचं काय?” सरपंच म्हणाले. “उद्यापर्यंत हिच्या बाजूने काही निघालं नाही, तर मी हिला कचेरीतून काढणार. पोलिसांत तक्रारही करणार. मग गावात कोण हिच्या दारात जातं ते बघू.”

चिझुएने ठशाची डबी खटकन मिटली. “मी पळून जाणार नाही. एवढी सोय तुमची होणार नाही.”

*

सकाळी तोयोकोबाईंना घेऊन हवालदाराची जीप उनातेकडे चढू लागली. गाडीतलं वाट दाखवणारं यंत्र गोड आवाजात बोललं, “पुढे डावीकडे, काइशु.”

“काइशु?” नागातोमो हसला. “दोन वर्षं झाली, हे यंत्र काही उनाते म्हणायला शिकत नाही.”

“त्याची काय चूक? लिहिताना आपण ‘समुद्र’ आणि ‘हात’ अशी अक्षरं लिहितो. त्यांचा उच्चार ‘उनाते’ होतो, हे वाडीत जन्मल्याशिवाय कळत नाही. प्रांताच्या मुख्यालयातले साहेबही चुकतात.”

“डोंगरात समुद्राचा हात कुठून आला पण?”

“सकाळी धुकं दरीत भरतं ना, त्याची बोटं वाडीपर्यंत येतात. कुणा पूर्वजाला समुद्र आठवला असेल.”

वाडीच्या सभाघरासमोर उंच खांबावर चार तोंडांचा भोंगा होता. खांबाला कुलूपबंद पेटी, पेटीत माइक. कचेरीतून हव्या त्या एका वाडीचा भोंगा बोलता करता येई. आणि इथे खांबापाशी उभं राहूनही बोलता येई. कालची सूचना फक्त उनातेत ऐकू आली होती. म्हणजे दोन्ही शक्य. कचेरीतलं यंत्र जुनं, कोण कधी बोललं याची खूण मागे ठेवत नव्हतं.

“या पेटीची किल्ली?” हवालदाराने विचारलं.

“एक कचेरीत. एक रियोझोच्या ओसरीवर खिळ्याला. आणि या वाडीत दाराला कडी कोण लावतं?”

रियोझो ओसरीवर सुकी अळंबी निवडत बसला होता. बाईंना पाहून त्याने मोबाइल उचलून मध्ये ठेवला.

“बोला. लेकीने दिलाय हा. समोरचा बोलला की अक्षरं उमटतात. आपण लिहिलं तर बोलूनही दाखवतो म्हणे, पण ते ऐकायला कान नकोत? आंधळ्याला आरसा दिल्यासारखं आहे.”

“काल सकाळी तू कुठे होतास?”

रियोझोने उमटलेली अक्षरं वाचली. “इथेच, अळंबीचे ओंडके उलटत होतो. घरात हिला विचारा. नको, ती देवळात गेली होती.”

“भोंगा ऐकलास?”

“अंगणाला लागून आहे तो. मेलेला उठेल.”

“काय म्हणाला?”

“‘ही हिनोसे-सोन कचेरीची सूचना. कुसुनो पुलाजवळ दरड कोसळली आहे. उनातेवाडीचं मतदान पुढे ढकललं आहे.’ दोनदा. आमच्या मतांना घाबरले हो बाई ते शहराचे हुजरे. वाडीतलं प्रत्येक मत विरोधात पडणार होतं. मी स्वतः घरोघर फिरलो.”

“काय म्हणाले लोक?”

“‘हो हो’ म्हणाले.” त्याने एक अळंबी हातात फिरवली, नजर तिच्यावरच ठेवली. “सगळे ‘हो हो’ म्हणाले.”

“आवाज चिझुएचा होता?”

“बाईचा होता. आणखी कोण असणार? बाई, त्या बयेला खिंडीपार धाडा. आमचं हे गाव आजोबांनी रान जाळून, राळं पेरून उभं केलं. त्याच्या मरणावर पलीकडच्यांनी सही करायची?”

हातातली अळंबी त्याने चुरडली. तोयोकोबाईंना तो शाळेतला रियोझो आठवला: कवायतीच्या गाण्यात सूर चुकला की रडणारा, पण ओळ न सोडणारा.

*

इने आजींच्या अंगणात युझूच्या सालींचा आंबट वास होता. शेजारची तरुण मिसातो पाठीशी तान्हं बांधून तिथेच आली.

“दरड कुठे कोसळली म्हणाला भोंगा?” बाईंनी विचारलं.

“धबधब्यापाशी,” आजी म्हणाल्या.

“नाही हो आजी, देवदाराच्या वळणावर,” मिसातो म्हणाली. “निदान मला तसं वाटलं. एक वाक्य संपायच्या आत समोरच्या डोंगरावरून मागचं परत येत होतं. सगळा कालवा. शेजारच्या काकांना कसल्या विहिरीचं ऐकू आलं!”

“म्हणजे जागा कुणालाच कळली नाही?”

“कुणालाच नाही. मतदान पुढे ढकललं, हे शेवटी होतं म्हणून कळलं. आणि पहिले शब्द.”

“पहिले शब्द काय?”

आजींनी सुरी पाटावर आपटली. “तेच तर! ‘हिनोसे-मुरा’ म्हणाली ती! माझ्या कानात खडा लागला, भातात लागतो तसा.”

“मीही ऐकलं,” मिसातो म्हणाली. “मुरा! माझ्या सासूबाई म्हणाल्या, बघ, शेवटी पलीकडची ती पलीकडचीच.”

हवालदार गोंधळला. “मुरा म्हणजे गावच ना? त्यात काय?”

“अरे, समुद्रकाठच्या माणसा,” आजी म्हणाल्या, “अक्षर एकच. पण आपल्या मियाझाकी प्रांतात गावाच्या नावापुढे आलं की त्याला ‘सोन’ म्हणायचं. हिनोसे-सोन. खिंडीपलीकडे कुमामोतोत त्याच अक्षराला ‘मुरा’ म्हणतात. कागदावर काही कळत नाही. तोंड उघडलं की माणूस कुठल्या उतारावरचा ते कळतं.”

राळं कांडताना म्हणायचं एक गाणं तोयोकोबाईंच्या ओठांवर आपसूक आलं.

खिंडीवरचा एक ढग
दोन उतारांना वाटला;
तिकडे ‘मुरा’ म्हणून पडला,
इकडे ‘सोन’ म्हणून साठला.

“गाणी म्हणू नका बाई,” आजी तुटकपणे म्हणाल्या. “तिला घालवा.”

परतेपर्यंत ही बातमी जीपच्या पुढे पोचली होती. कचेरीच्या दारावर कुणीतरी खडूने मोठं लिहून ठेवलं होतं: ‘खिंड तिकडे आहे.’ खाली बाण.

चिझुए ओल्या फडक्याने ते पुसत होती.

“ऐकलंस?” बाईंनी विचारलं.

“मुरा ना? ऐकलं.” तिने फडकं पिळलं. “लग्नानंतर माझ्या तोंडून मुरा निघालं की सासूबाई भाताचं भांडं उचलून आत न्यायच्या. उपाशी पोटाने शिकलेला धडा आहे तो, बाई. मी झोपेतसुद्धा सोनच म्हणते. चुकून मुरा म्हणतो कोण? ज्याला त्याबद्दल कधी मार पडला नाही तो.”

तोयोकोबाई थबकल्या. “पुन्हा म्हण.”

“काय?”

“काही नाही. तुझी सूचनेची वेळ झाली ना? दे. मी बसते.”

चिझुए माइकसमोर बसली. “ही हिनोसे-सोन कचेरीची…” ती थांबली. खिडकीबाहेर डोंगराने ‘कचेरीची’ परत दिलं, ते विरेपर्यंत ती गप्प राहिली. “सूचना आहे…” पुन्हा थांबली. “आज दुपारी… शाळेत… सभा आहे.”

डोंगर आणि ती आळीपाळीने बोलत होते. लहान मुलाला घास भरवावा तशी चिझुए एकेक शब्द दरीला भरवत होती.

“रोज अशीच वाचतेस?”

“पहिल्याच आठवड्यात शिकले. सलग बोललं की दरीत सगळा काला होतो, कुणाला काही कळत नाही.”

तोयोकोबाई उठल्या. “हवालदार, तुमचा मोबाइल सभेला घेऊन या. आणि चिझुए, तू पहिल्या रांगेत बस.”

“मार खायला?”

“बघायला.”

*

शाळेचं सभागृह भरलं होतं. चिझुएच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या. रियोझो मोबाइल मांडीवर धरून पुढे बसला होता.

सरपंच उभे राहिले. “बाईंच्या मानाखातर थांबलो. आता वाडीची साक्षच आहे की सूचनेत ‘मुरा’ म्हटलं होतं. या गावात कुमामोतोची व्यक्ती एकच. आणखी काय पुरावा हवा?”

“घालवा तिला!”

“मुरा! मुरा!” मागून पोरंटोरं ओरडली.

रियोझोने मोबाइलकडे पाहिलं, मग शेजाऱ्याला विचारलं, “काय ओरडताहेत? गाव, गाव, काय?”

शेजारी त्याच्या उजव्या कानात काही सांगणार, तोच तोयोकोबाईंनी हात वर केला. शाळेतला तो हात अजून चालत होता. सभागृह गप्प झालं.

“चिझुएने ही सूचना वाचली नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रोज तिची टिंगल करता, की ती डोंगराशी गप्पा मारत वाचते. खरं ना? ती थांबते, म्हणून तुम्हाला कळतं. कालची सूचना थांबली का? मिसातो?”

“नाही. सलग होती. म्हणून तर जागा कळली नाही.”

“दोनदा ऐकलीस. दुसऱ्यांदा काही फरक?”

मिसातो विचार करू लागली. “नाही. अगदी तशीच. श्वाससुद्धा… श्वास घेतलाच नाही तिने.”

“श्वास न घेता बोलणारी बाई कुठे भेटते? हवालदार, मी सांगते ते मोबाइलवर लिहा आणि त्यालाच वाचायला लावा. ‘ही हिनोसे गाव कचेरीची सूचना. उनातेवाडीचं मतदान पुढे ढकललं आहे.’ नेहमीची अक्षरं लिहा.”

नागातोमोने लिहिलं आणि बटण दाबलं. गोड, सपाट, बाईचा आवाज आला:

“ही हिनोसे-मुरा कचेरीची सूचना. काइशुवाडीचं मतदान…”

सभागृहात सळसळ झाली. इने आजी उठून उभ्या राहिल्या. “हाच! हाच तो आवाज!”

“मुरा म्हणणारं माणूस नव्हतं,” बाई म्हणाल्या. “यंत्र होतं. कुणीतरी मोबाइलवर लिहिलं आणि तो माइकसमोर धरला. यंत्राला आपला प्रांत काय ठाऊक? आणखी एक ऐकलंत? यंत्र ‘काइशु’ म्हणालं. पण काल ते ‘उनाते’ म्हणालं होतं, बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे लिहिणाऱ्याने वाडीचं नाव अक्षरांत न लिहिता साध्या बाराखडीत लिहिलं. यंत्र हे नाव नासवतं, हे त्याला ठाऊक होतं. अशी काळजी कोण घेईल? उनातेचा माणूस. पण ‘गाव’ हे अक्षर लिहिताना त्याला शंकाही आली नाही. चिझुएला आली असती. तिला त्या एका अक्षरासाठी उपाशी ठेवलं होतं. ज्याने जन्मात ‘सोन’शिवाय दुसरा उच्चार केला नाही, त्यालाच वाटतं की हे अक्षर आपणहून ‘सोन’ बोलेल. ही चूक पलीकडच्याची नाही. ही चूक इथल्याचीच.”

सरपंच पुटपुटले, “पण इथल्या माणसाने एकदा ऐकून पाहिलं असतं, तर लगेच कळलं असतं.”

“हेच, शोइचिरो. ऐकलं असतं तर.”

बाई घोटभर पाणी प्यायल्या. पुढचं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“वाडीत मी सगळ्यांना विचारलं, दरड कुठे कोसळली. धबधब्यापाशी. देवदाराच्या वळणावर. विहिरीजवळ. ज्यांचे कान धड आहेत त्या कुणालाही जागा कळली नाही. एकाच माणसाने ती मला सांगितली. कुसुनो पूल. आणि सगळ्या वाडीला ‘मुरा’ खड्यासारखं टोचलं, तेव्हा त्या एकाला मात्र ‘सोन’ ऐकू आलं. सगळी सूचना त्याने मला घडाघडा म्हणून दाखवली, पाठ केलेल्या धड्यासारखी. वाडीत ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यालाच सगळं ऐकू आलं. कसं? कारण त्याने ती ऐकली नव्हतीच. लिहिली होती.”

रियोझो खाली मान घालून मांडीवरचा मोबाइल पाहत होता. बाईंचे शब्द त्यावर एकामागून एक उमटत होते. शेवटचा शब्द उमटला आणि तो तसाच बसून राहिला.

“तो ‘मुरा’चा ओरडा आत्ता तुला कळला नाही,” बाई त्याच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाल्या. “तुझ्या मोबाइलवर त्याचंही ‘गाव’ हेच अक्षर उमटलं. हो ना?”

“खोटं आहे!” शिकाऱ्यांपैकी एक ओरडला. “रियोझोदादा तर विरोधाचा पुढारी! वाडीची मतं तो कशाला अडवेल?”

“ते त्यानेच सांगावं.”

रियोझो उठला. प्रथमच तो हळू बोलला. स्वतःचा आवाज किती हळू आहे हेही त्याला कळत नसावं.

“‘हो हो’ म्हणाले,” तो म्हणाला. “घरोघर. एकदा ‘हो’ म्हणणारा माणूस येतो. दोनदा म्हणणारा मला दारातून घालवतो. ऐकू येत नाही मला, पण तोंडं दिसतात. इने आजी, तुम्ही खरं सांगा. कुठे शिक्का… कुठे मत टाकणार होतात?”

इने आजींनी पदराशी चाळा करावा तसा बाहीशी चाळा केला. मग मान वर केली.

“शहरात जायच्या बाजूने. माझ्या मूत्रपिंडाला आठवड्यातून तीनदा यंत्र लागतं रे. विलीन झालो तर शहराची बस वाडीत येणार आहे.”

“मिसातो?”

“मीसुद्धा,” ती म्हणाली. “माझ्या पोरीच्या वर्गात ती एकटीच असणार, रियोझोकाका.”

एकेक करून वाडीची माणसं खाली पाहू लागली. शिकाऱ्यांमधलेही दोघे.

“बघा,” रियोझो म्हणाला. “सरपंचाने गाव मारलं असतं, तर मी जन्मभर शिव्या घातल्या असत्या. उनातेने स्वतःच्या हाताने मारलं हे मोजून वाचून दाखवलं असतं, तर मी कुणाला शिव्या घालू? पेटी न उघडता जळाली असती, तर आम्ही लढलो, आम्हाला फसवलं, एवढं तरी मागे राहिलं असतं.”

“आणि मी?”

चिझुए उभी राहिली होती. ती त्याच्या समोर, उजव्या कानाजवळ गेली.

“मी काय राहिले असते, रियोझो-सान?”

त्याने मोबाइल खिशात घातला.

“तुम्हाला माझं नाव घ्यायचंच होतं का?”

“नव्हतं. लोकांनी घेतलं.” तो थांबला. “मग मला सोपं झालं.”

नागातोमो हवालदाराने त्याच्या दंडाला हात लावला. रियोझो मुकाट चालू लागला. त्याच्या टोळीने वाट दिली, पण कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“पुढच्या रविवारी पुन्हा मतदान,” तोयोकोबाई म्हणाल्या. “ज्याला जे वाटतं ते त्याने लिहावं. मोजलं जाईल.”

लोक उठले, पण दाराकडे सरकेनात. सरपंचांनी घसा साफ केला. काल मऊ झाला होता तोच आवाज पुन्हा मऊ झाला.

“चिझुए-सान, गैरसमज झाला सगळ्यांचा. तुमची नोकरी आहेच. आपण एका गावची माणसं. झालं गेलं विसरून जाऊ या.”

इने आजी पुढे आल्या. “हो गं बाई. माझ्याकडचं युझूचं लोणचं ने. मनात ठेवू नकोस.”

चिझुएने आपलं दप्तर खांद्याला लावलं. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर फिरली: काल ‘पत्र्यासारखा आवाज’ म्हणणारी बाई, मागे ओरडणारी पोरं, सरपंच. तोयोकोबाईंच्या चेहऱ्यावर ती क्षणभर थांबली, तिथेही पुरती निवली नाही.

“लोणचं नको,” ती म्हणाली. “मी हिनोसे-सोनमध्येच राहणार आहे. उद्या सकाळी कचेरीत असेन. विलीन झालात तरी असेन, नाही झालात तरी असेन. तुम्हाला रोज माझा आवाज ऐकावा लागेल.”

ती दारापर्यंत गेली. गर्दी बाजूला झाली.

“पण विसरायला सांगू नका,” ती वळून म्हणाली. “ते काम मी करणार नाही.”